विकणाऱ्यालाच सल्ला विचारायचा का?
सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्ग, सिंधुदुर्गनगरी (ओरोस)



वैभववाडीच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात नाव चढवणं-उतरवणं, आणि अलीकडे छपरावरच्या सोलरचे अर्ज. त्यामुळे एकाच घराचं लाइट बिल, असेसमेंट उतारा आणि ठेकेदाराचं कोटेशन असे तिन्ही कागद एकाच टेबलावर शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. ठेकेदाराला फक्त बिल दिसतं, महावितरणला फक्त अर्ज दिसतो, आणि घरमालकाला बहुतेक वेळा फक्त रक्कम दिसते. तिन्ही कागद एकत्र पाहिल्यावर जे लक्षात येतं, ते आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

घरातली वीज वाचावी आणि छपरावर तयारही व्हावी यासाठी सरकारने पैसा ठेवला, पोर्टल उघडलं, ठेकेदारांची यादी लावली. पण ज्याला काहीही विकायचं नाही, असा सल्ला देणारा माणूस तालुक्यात कुठेच ठेवला नाही. हे काम मी आपल्याकडेच का आणतोय, असं वाटेल. महावितरण, आयटीआय, जिल्हा परिषद आणि बँका यांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असं जिल्ह्यात दुसरं पद नाही, म्हणून.

छपरावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. देशभरातली एक कोटी घरं, 75,021 कोटींची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये थेट ग्राहकाच्या खात्यात. योजना चांगली आहे, यात वाद नाही. पण अनुदान तीन किलोवॅटला थांबतं म्हणून कोटेशनही तीन किलोवॅटचंच येतं. घरात माणसं किती राहतात, हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडच्या घरांची तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे. घर सहा खोल्यांचं, राहणारी आजी-आजोबा दोघंच, मुलं डोंबिवली नाहीतर नालासोपाऱ्याला. दोन पंखे, टीव्ही, फ्रिज, विहिरीवरची मोटर. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट. चांगल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, महिन्याला एकशेवीसच्या आसपास. या घराला एक किलोवॅट बसवला तरी पावसाळ्याची तूट बाकीचे महिने भरून काढतात. तीन बसवले की जादा वीज लाइनवर जाते, पुढच्या बिलांत वळती होत राहते, आणि आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक उरते तिला मिळणारा भाव आपण वीज घेताना मोजतो त्याच्या जवळपासही नसतो. दीड-दोन लाखांचं काम करायचं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक छपरावर नुसतं निजवून ठेवायचं, असा हा हिशेब. हे त्या म्हाताऱ्या जोडप्याला सांगायचं कोणी? ठेकेदार सांगणार नाही; तो लबाड असतो म्हणून नव्हे, तर तीन किलोवॅट विकणं हाच त्याचा धंदा आहे म्हणून. लबाडीची गरजच पडत नाही.

त्याच्याही आधीचा सल्ला, आधी खर्च कमी करा, हा तर बाजारात कोणाच्याच फायद्याचा नाही. जुना पंखा 75 वॅट खातो, आताचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, दोन पंख्यांना बत्तीस. ज्या घराचं बिल 120 युनिटांचं आहे ते घर नुसत्या दोन पंख्यांनी शंभराच्या आत येतं, आणि शंभराच्या वरचं प्रत्येक युनिट आपल्या राज्यात जवळजवळ दुप्पट महाग पडतं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी 2002 पासून आहे; छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची चिठ्ठी 1 जानेवारी 2023 पासून सक्तीची झाली. एलईडी बल्ब 2015 च्या उजाला योजनेमुळे घरोघरी पोहोचला, कारण तो बिलाच्या खिडकीजवळ मिळायचा आणि निवडायचं काही नव्हतं. पंख्याचं तसं नाही. दुकानात दोन्ही शेजारी लटकतात, एक स्वस्त आणि एक महाग, आणि बिलाचं गणित कोणी मांडून दाखवत नाही तोवर माणूस स्वस्तच उचलतो.

मोटरीचंही तेच. विहिरीतला फुटव्हॉल्व गळका असला की दर वेळी आधी पाइप भरून घ्यावा लागतो आणि मोटर तितका वेळ जास्त चालते. एक हॉर्सपॉवर पुरेल तिथे दोनची मोटर बसलेली असते, कारण दुकानदाराकडे त्या दिवशी तीच होती. आणि छप्पर! कौलारू घर, त्यावर माळा, भिंती चिऱ्याच्या. असं घर एप्रिलमध्येही निभावून नेतं. तेच पाडून स्लॅब टाकला की रात्री बारापर्यंत भिंतीतून धग येत राहते आणि पंखे पहाटेपर्यंत फिरतात. मग गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड येते. शेड बाजूंनी मोकळी ठेवली तर स्लॅब बराच निवतो. पण पाऊस आत येतो म्हणून लोक बाजू बंद करतात आणि वर गरम हवा कोंडून ठेवतात. बाजू तीन महिने बंद, नऊ महिने उघड्या, अशी ताडपत्रीची सोय कितीशी खर्चाची? असल्या सल्ल्यात कोणाला कमिशन नाही, म्हणून तो मिळत नाही.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते ती सांगतो. अर्ज भरायला आलेला प्रत्येक माणूस मला एकच विचारतो: "लायट गेली तरी आमची रवतली मां?" आणि मला सांगावं लागतं, नाही. लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतं. ते तसं पडायलाच हवं, नाहीतर तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्याच छपराची वीज जाईल. लाइट नसताना घर उजळायचं तर बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीच्या खर्चासाठी या अनुदानात वेगळी तरतूद नाही. करूळ, भुईबावडा, सांगुळवाडी या बाजूला पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाइट कधी येईल याचा नेम नसतो. मे 2021 च्या तौक्ते वादळाने किनाऱ्याकडचे खांब कसे आडवे केले, ते जिल्हा विसरलेला नाही. ज्या भागात माणूस बिलापेक्षा अंधाराला जास्त कंटाळलेला आहे, तिथे हे वाक्य कोटेशनच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात असायला हवं. मी पाहिलेल्या कोटेशनांत ते शेवटच्या पानावरही नसतं.

कोटेशनं वाचणं हा तर वेगळाच अनुभव. तीन ठेकेदारांची तीन कोटेशनं, तिन्ही तीन किलोवॅटची, आणि तुलना करता येईल अशी एकही ओळ नाही. एकात पॅनेलची कंपनी लिहिलेली, दुसऱ्यात फक्त "ए ग्रेड". एकात सांगाडा गॅल्वनाइज्ड, दुसऱ्यात "मजबूत". अर्थिंग तीन लागतात: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीज पडण्यापासून वाचवणारं. किती, कुठे आणि मोजून दिलं जाणार का, हे बहुधा लिहिलेलंच नसतं. आमचा जांभा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा पावसाळ्यात खोचलेलं अर्थिंग उन्हाळ्यातही धरतं का हे पाहायला हवं. पॅनेल देशी बनावटीचं नसलं तर अनुदान अडकतं. तेही गिऱ्हाइकाला पैसे दिल्यावर कळतं.

आणि जागा न पाहता काढलेलं उत्पादन. पठारावरच्या उघड्या गावाचे आकडे आमच्या पायथ्याच्या गावाला लावून चालत नाहीत. पूर्वेला सह्याद्री उभा, त्यामुळे सकाळचं ऊन आमच्याकडे उशिरा उतरतं. घराभोवती आंबा, फणस, माड. जून ते ऑगस्ट तर आकाशच दिसत नाही. शिवाय पत्र्याची शेड ही पत्रा पेलायला उभी केलेली असते, पॅनेल आणि त्याखाली शिरणारा वारा पेलायला नव्हे. तिचे पाइप कोणी तपासायचे? केंद्राने 2024 मध्ये नियम बदलून 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जांची तांत्रिक व्यवहार्यता तपासणी काढून टाकली, ते बरंच झालं. ती तपासणी लाइनची असायची. छप्पर पाहण्याची जबाबदारी तेव्हाही कोणाची नव्हती, आजही नाही. (वानरांचा तर उल्लेखही नको. कौलांचं त्यांनी काय केलंय ते आमच्या वाडीत येऊन पाहा, मग काचेच्या पॅनेलवर उडी पडली तर वॉरंटी लागू होते का, हे ठेकेदाराला विचारावंसं वाटेल.)

नोंदणी झालेला ठेकेदार म्हणजे विश्वासाचा ठेकेदार, असा आमच्या लोकांचा समज आहे. पोर्टलवर नाव आहे ना, मग सरकारनेच पाठवलाय. नोंदणीचा अर्थ कागदपत्रं पुरी आहेत, एवढाच. जवळच्या शहरातला, घाट उतरून यावा लागणारा ठेकेदार काम उत्तम करीलही. पण पाच वर्षांच्या देखभालीचा करार असूनही इन्व्हर्टरचा लाल दिवा लागल्यावर तो एका घरासाठी गगनबावड्याचा घाट उतरून येईल का, हे त्याच्या नोंदणी क्रमांकावरून कळत नाही. त्याने तालुक्यात आधी कुठे काम केलंय, ते एक पावसाळा टिकलंय का, आणि बोलावल्यावर कोण येतं, हे गावात विचारूनच कळतं. आमच्याकडे सोयरीक जुळवताना चार घरी चौकशी होते. दोन लाखांच्या कामाला मात्र फोनवर आलेलं एक आकर्षक चित्र पुरतं.

असा विश्वासाचा माणूस उभा करणं जिल्ह्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण याच जिल्ह्यात ते जमलेलं आहे. कुडाळ तालुक्यातल्या झाराप इथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकाराने, गावोगावी बायोगॅस उभे केले. बायोगॅसलाही अनुदान होतं, आणि अनुदानासाठी बांधून नंतर कोरडे पडलेले बायोगॅस महाराष्ट्रात कमी नाहीत. घुमटाच्या गिलाव्यात केसाएवढी चीर राहिली की गॅस उडून जातो आणि चूल पुन्हा लाकडावर येते. तिथे खरा प्रश्न तंत्राचा नसतो, गवंड्याच्या हाताचा असतो. बांधणारा हात सरावलेला, गावाच्या ओळखीचा आणि पुन्हा बोलावता येण्यासारखा असला की अनुदान कामी येतं. छपरावरच्या सोलरला नेमका हाच हात मिळालेला नाही.

परदेशातही याच ठिकाणी पाय घसरलेला दिसतो. ब्रिटनमध्ये सरकारी योजनांतून घरांच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर लावून दिले गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जाहीर केलं की असे थर लावलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष आहेत. पैसा होता, नोंदणीकृत ठेकेदार होते, प्रमाणपत्रं होती. शिडी लावून भिंत पाहणारा नव्हता. उलट जर्मनीत ग्राहक केंद्रांतून 1978 पासून ऊर्जेचा सल्ला मिळतो. सल्लागार थोड्या शुल्कात घरी येऊन पाहतो, बाकी खर्च सरकार उचलतं, आणि त्या माणसाला पंखाही विकायचा नसतो, पॅनेलही नाही.

आपल्याकडे एवढं मोठं काही नको. आठवडा बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत एक टेबल पुरे. महावितरणचा एक अभियंता आणि आयटीआयचा वीजतंत्रीचा एक निदेशक, आळीपाळीने. माणूस वर्षभराची बिलं आणि छपराचे चार फोटो घेऊन येईल. त्याला सांगायचं की आधी पंखे बदल, मग एक किलोवॅट बघ, किंवा तुझ्या घरावर सावली आहे, तू या भानगडीत पडू नकोस. हे शेवटचं वाक्य ऐकायला मिळणं फार मोलाचं आहे. एकही विकणारा ते बोलणार नाही.

दुसरं, जिल्ह्यासाठी कोटेशनचा एकच छापील नमुना काढावा आणि त्यातच भरलेलं कोटेशन ग्राह्य धरावं, असं बँकांना कळवावं. कर्ज बँकेचं असतं, त्यामुळे बँकेने मागितलेला कागद ठेकेदार निमूट भरून देतो. पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा, तिन्ही अर्थिंग, आपल्या गावचं अपेक्षित उत्पादन महिन्यावार, लाइट गेल्यावर काय होईल, आणि दुरुस्तीला तालुक्यात राहणाऱ्या कोणाला बोलवायचं. तारतंत्री आणि वीजतंत्री शिकून आमची मुलं गोव्याच्या नाहीतर मुंबईच्या गाडीत बसतात. शेवटचा रकाना भरण्यासाठी ठेकेदाराला त्यांच्यातलाच एखादा शोधावा लागेल. केंद्राचा सूर्यमित्र अभ्यासक्रम 2015 पासून आहेच.

तक्रारीची वाटही भिंतीवर लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक 1915, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही. घरगुती सोलरचं जवळजवळ प्रत्येक काम या मर्यादेत बसतं, पण माझ्या दुकानात आलेल्यांपैकी क्वचितच कोणाला हे माहीत असतं.

सूर्यघर योजनेतली आदर्श सौरग्रामाची स्पर्धा आपल्याच अध्यक्षतेखालच्या समितीकडे आहे. जिंकणाऱ्या गावाला एक कोटी. पण सर्वसाधारण अट 5000 लोकसंख्येची, आणि आमच्या तालुक्यातली बहुतेक गावं त्याच्या आतच. लोकसंख्येने राज्यात सर्वांत लहान असलेल्या जिल्ह्यातला एक लहान तालुका, तेव्हा या कोटीकडे आम्ही लांबूनच बघणार. पण साताऱ्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली ती काही मोठं गाव म्हणून नव्हे. वाडीने एकत्र काम काढलं की ठेकेदारालाही घाट उतरायला परवडतं. वाडीवार कामाला जिल्ह्याकडून काही उत्तेजन देता येतं का, ते पाहावं.

आणि आता शेवटचं, जे माझ्या टेबलावर रोज अडतं. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने करायचा असतो, अनुदान त्याच्याच बँक खात्यात येतं. आणि ग्राहक? "मीटर सासऱ्यांच्या नावार आसा, ते गेले त्याका तीस वरसां झाली," असं सांगणारी बाई समोर बसलेली असते. घराच्या उताऱ्यावर पाच सहहिस्सेदार. एक सुरतेला, एक दुबईत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. नाव बदलायचं तर वारसांच्या संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. किती चांगल्या घरांचे अर्ज इथेच मरतात, याची कुठल्या पोर्टलवर नोंद होत नाही, कारण ते भरलेच जात नाहीत. कोटेशन, अर्थिंग, सल्ला हे सगळं त्यानंतरचं.

सगळे सहहिस्सेदार एका छपराखाली येण्याचे दिवस आमच्याकडे वर्षातून दोन-तीनच: गणपती, शिमगा आणि मे महिना. त्यातही गणपतीत भांडलेले भाऊही एका पंगतीला बसतात. महावितरण, ग्रामपंचायत आणि नोटरी यांना एकत्र आणून मीटरच्या नावबदलाचं शिबिर गणपतीच्या पाच दिवसांत गावोगाव लावावं, एवढी विनंती आहे. टेबल, प्रिंटर आणि मी स्वतः, तिन्ही देतो. फक्त तारीख दोन महिने आधी जाहीर करा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, आणि आमचे लोक रजा त्या तिकिटावरून ठरवतात.

आपला,
फॉर्म भरून देणारा एक वीजग्राहक
वैभववाडी